रबरी पिशवी, विजेची पिशवी, हीटर, ब्लँकेट : निफाडच्या थंडीत काय चाललं, काय नाही

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते थेट मेडिकल गाठतील. मळ्यातल्या घरात, पत्र्याखाली झोपायचं असेल तर साधी रबरी गरम पाण्याची पिशवी आणि वजनदार गोधडी, या जोडीला तोड नाही. विजेची जेलची पिशवी गुडघा शेकायला ठीक, अंथरुणात न्यायला नको. खोली तापवायचा हीटर आमच्याकडे शुद्ध उधळपट्टी. विजेचं ब्लँकेट चांगलं, पण ते कोणाला द्यायचं आणि कोणाला अजिबात नाही, हे कळलं पाहिजे. आता सविस्तर.

मुंबईचे पाहुणे हसतात. महाराष्ट्रात कसली आलीय थंडी म्हणतात आणि पहिल्याच रात्री दुसरी गोधडी मागतात. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात पेपरात ‘निफाड’ म्हणून जो राज्याचा नीचांक छापून येतो, तो तिथला आकडा असतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथं पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. अशा रात्री बागायतदार झोपत नाही. द्राक्षमण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ आणि रसदार व्हायच्या वेळेला गारठा पडला तर मणी तडकतात, थॉम्पसन जातीच्या हिरव्या द्राक्षांना गुलाबी छटा येते आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून घडांना पेपर गुंडाळतात, बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. द्राक्षांची एवढी बडदास्त ठेवायची आणि माणसांनी कुडकुडायचं, हे मला पटत नव्हतं. शिवाय पतसंस्थेत रोखपाल म्हणून नोकरी झालेली, त्यामुळे कुठल्याही वस्तूची किंमत आणि तिचा उपयोग समोरासमोर मांडून बघायची खोड आहे. गेल्या काही हिवाळ्यांत घरात जे जे आलं, त्याचा हा ताळेबंद.

रबरी पिशवीपासून सुरुवात करते. माहेरी आईकडे कलकत्त्याच्या डकबॅकची होती. रेनकोटवाली डकबॅक, तीच. विटकरी रंगाची, जाड रबराची, दोन्ही अंगांना उभ्या रेघा. ती फक्त आजारपणात बाहेर निघायची. पोट दुखलं, कंबर धरली की शेकायची पिशवी. थंडीसाठी ती रोज वापरायची असते हे आमच्या डोक्यातच नव्हतं. माझी आत्ताची पिशवी निफाडच्या मेडिकलमधून तीनशेच्या आसपास घेतलेली आहे. दोन लिटरची म्हणून विकतात, पण दोन लिटर भरायची नसते. दोन तृतीयांश भरली की बास. म्हणजे सव्वा लिटर, फार तर थोडं वर.

पाणी कुठून घ्यायचं, यावर बरंच अवलंबून आहे. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या काड्या वाळवून ठेवलेल्या असतात, त्याच त्याच्या नळीत घालतो. काडी बारीक, पटकन पेटते, आणि फुकटची. वरून थंड पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर पडतं. संध्याकाळी अंघोळी उरकून बंब निवत आला की ते पाणी पिशवीला अगदी मापाचं असतं. हात लावला तर चटका बसतो, पण खळखळ उकळलेलं नसतं. गॅसवर तापवणार असाल तर आधण आल्यावर खाली उतरवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. उकळतं पाणी सरळ पिशवीत ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. रबर लवकर मऊ पडतं, शिवण सुटते, आणि ओतताना जी वाफ उसळते ती थेट मनगटावर येते.

भरायचीही रीत आहे. पिशवी उभी धरून भसकन ओतलं की आतली हवा गुडगुड करत वर येते आणि गरम पाण्याचा फवारा उडवते. म्हणून ओट्यावर पिशवी आडवी ठेवायची, मान तेवढी उचलून धरायची आणि बारीक धारेने ओतायचं. भरून झालं की झाकण लावण्याआधी पिशवी तळहाताने हलकेच दाबत जायची, पाणी मानेशी दिसेपर्यंत. आतली हवा निघून गेली पाहिजे. हवा राहिली तर पिशवी फुगलेली, टणक लागते. मग ती अंगाला लागून बसत नाही, उशीखालून घरंगळते. नंतर झाकण घट्ट पिळायचं, पिशवी उलटी करायची आणि थेंब गळतोय का ते बघायचं. हे उलटं करून बघणं कधीही टाळू नका. झाकणाच्या आत रबराची बारीक चकती असते. ती चपटी झाली, तिला चीर गेली की रात्री दोन वाजता गादी ओली.

कव्हर हवंच. पिशवीबरोबर जे पातळ कव्हर आलं ते दिसायला छान, कामाला शून्य. मी जुन्या फ्लॅनेलचं दोन पदरी शिवलं, वर नाडी. रबर उघडं अंगाला लावायचं नाही, हा घरातला नियम. आणखी एक नियम माझ्या स्वतःच्या निरीक्षणातून आलाय : तेल लावलेल्या अंगावर पिशवी ठेवायची नाही. आमच्याकडे गुडघ्याला नारायण तेल चोळायचं आणि लगेच शेक घ्यायचा अशी पद्धत. तेलाने रबर खराब होतं. आधी चिकट होतं, मग फुगतं, मग तडे जातात. तेल लावायचं असेल तर शेक झाल्यावर लावा, किंवा मधे जाड टॉवेल घाला.

आता खरी गंमत. माझी सून ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. एका रात्री जेवताना मी पिशवीचं कौतुक करत होते तर ती म्हणाली, “आई, हिशेब करून बघूया का?” आणि ताटाशेजारच्या कागदावर तिने आकडे मांडले. सव्वा लिटर पाणी, सत्तर अंशांवरून पस्तीसपर्यंत निवलं तर किती उष्णता देतं? सव्वा गुणिले पस्तीस, म्हणजे जेमतेम ४४ किलोकॅलरी. बाजरीच्या अर्ध्या भाकरीएवढीही नाही. आणि झोपलेला माणूस तासाभरात स्वतःच ६० ते ७० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे रात्रभराची मिळून पिशवी जेवढी ऊब देते, तेवढी आपलं शरीर तासाभरात देतं.

मला आधी हे खोटंच वाटलं. मग लक्षात आलं की पिशवीचं काम वेगळं आहे. आपल्याला रात्रभर तापवणं तिच्या आवाक्यातलंच नाही. तिने अंथरुणाचा गारठा मोडायचा असतो. थंडगार गादीत शिरलो की पहिला अर्धा-पाऊण तास आपलीच ऊब गादीला तापवण्यात खर्ची पडते. पाय गारठलेले, त्यामुळे झोप लागत नाही. पिशवीने ते काम आधीच उरकलेलं असलं की पुढची रात्र शरीर आणि गोधडी दोघं मिळून निभावून नेतात. तेव्हापासून पिशवी झोपताना घेत नाही. झोपायच्या अर्धा तास आधी गोधडीखाली, कमरेच्या जागी ठेवून देते. अंथरुणात शिरताना पायाने खाली सरकवते. पाय गरम झाले की डोळा लागतोच.

आणि म्हणूनच गोधडी चांगली नसेल तर पिशवीला दोष देऊ नका. नऊवारी जुन्या लुगड्यांचे थर घालून, बारीक धावदोऱ्याने शिवलेली गोधडी थरांमधे हवा धरून ठेवते, आणि तिच्या वजनामुळे ती अंगालगत बसते, कडेने वारा आत शिरत नाही. बाजारातलं ते गुळगुळीत, फुगीर ब्लँकेट कुशीवर वळलं की पाठ उघडी टाकतं. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. थंडी खालूनही येते. फरशीवर नुसती सतरंजी टाकून वर तीन गोधड्या घेतल्या तरी हाडं गारठतात. त्यातली एक खाली घाला.

हीटरचं थोडक्यात उरकते. दोन हजार वॅटचा, पंखावाला, घरात आणला होता थोरल्या दिरांनी. तासाला दोन युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर तासाला वीस, रात्रभरात दीडशेच्या वर. त्यात युनिटं वाढली की पुढचा स्लॅब लागतो तो वेगळाच. त्याला सोळा अँपियरचा पॉइंट लागतो, जो आमच्या झोपायच्या खोलीत नव्हता. आणि पत्रा व भिंत यांच्या मधल्या फटीतून सगळी गरम हवा वर जाऊन पसार. ज्यांचा फ्लॅट आहे, स्लॅब आहे, खिडक्या बंद होतात, त्यांचं मत वेगळं असेल. आमच्याकडे आता तो पापड वाळवायला काढतात.

विजेची पिशवी मुलाने पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवली. मखमली कव्हर, मधे हात घालायला खिसा, दिसायला देखणी. मागे ४०० वॅट लिहिलेलं. दहाएक मिनिटांत लाल दिवा विझतो, म्हणजे झाली. खर्च काढला तर एका वेळेला साठ-सत्तर पैसे. त्या बाबतीत नावं ठेवायला जागा नाही. पाणी तापवणं नको, ओतणं नको, सांडणं नको. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून गुडघा शेकायला किंवा मानेखाली घ्यायला झकास. दोन तास तरी ऊब टिकते.

पण तिच्यात एक खोट आहे. पिशवीच्या पोटात पाण्यासारखा द्रव असतो आणि विजेची पिन थेट तिच्याच अंगात खोचायची असते. स्वस्तातल्या कित्येक पिशव्यांत वीज त्या द्रवातूनच जाते. माझी दुसऱ्याच हिवाळ्यात चार्जिंगला असताना फुगली आणि पिनेच्या जागेजवळ ओल दिसली. बटण बंद केलं, पिन काढली आणि ती पिशवी तिथेच निकालात काढली. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर ‘परत घ्यायची मुदत संपली’ एवढंच उत्तर. मी कोणाचं नाव घेत नाही, कारण त्याच आकाराच्या, त्याच कव्हरच्या पिशव्या निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात. घेणारच असाल तर नियम पाळा : चार्जिंगला लावताना सपाट जागेवर ठेवा, मांडीवर नाही, अंथरुणात नाही. पिन काढल्याशिवाय हात लावायचा नाही. फुगली की फेकायची, टाचणी टोचून हवा काढायचे प्रयोग नकोत. आणि घरात लहान मूल असेल तर चार्जिंग त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. माझा नातू तिला टेडी समजून मिठी मारायचा.

विजेचं ब्लँकेट मात्र मनापासून आवडलं. हे अंगावर घ्यायचं नाही, चादरीखाली अंथरायचं. एका माणसाचं साठ-सत्तर वॅटचं असतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी वीज. झोपायच्या आधी अर्धा तास चालू करायचं, आत शिरलं की बंद. इथेही तत्त्व तेच, अंथरुणाचा गारठा मोडायचा. रात्रभर चालू ठेवायची गरजच पडत नाही. घडी घालून ठेवू नका, आतल्या तारा मोडतात. सैल गुंडाळी करा. अडचण एकच, आमच्याकडची लाईट. ती नेमकी हवी तेव्हा नसते. रबरी पिशवीला लाईटचं सोयरसुतक नाही, म्हणून ती एक नंबर.

आता सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह जुना, तळपाय बधिर. उबेची सगळ्यांत जास्त गरज त्यांना आणि या सगळ्या वस्तूंचा सगळ्यांत जास्त धोकाही त्यांनाच. बधिर पायाला चटका कळत नाही. आणि भाजायला पाणी उकळतं असावं लागतं असं नाही. पंचेचाळीस अंशांच्या आसपासची वस्तू तासन्‌तास एकाच जागी लागून राहिली तरी फोड येतो. मधुमेह्याच्या पायावरचा फोड म्हणजे किती महिन्यांचं दुखणं, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. म्हणून त्यांच्या बाबतीत आमची पद्धत ठरलेली : पिशवी अर्धा तास आधी अंथरुणात, त्या झोपायला आल्या की पिशवी बाहेर. पायात लोकरी मोजे, डोक्याला कानटोपी. त्या रोज कुरकुरतात.

“अगं, राहू दे की पायाशी. मी काय लहान आहे?”

“आई, पाय गरम झाले का सांगा.”

“झाले.”

“मग आता तिचं काय काम?”

यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं : आमच्या वेळेला वीट असायची. खरंच असायची. चुलीच्या कडेला वीट तापत ठेवायची, फडक्यात गुंडाळून पायथ्याशी. बाळाच्या छातीला तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, कंबरेला मिठाची नाहीतर वाळूची, आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी. पुरचुंडीला मी अजूनही पूर्ण गुण देते. सर्दीने नाक चोंदलं असेल तर ओव्याच्या वासाची सर रबराला नाही. वीट ठीक, पण कुठे जास्त तापलीय याचा अंदाज येत नाही. शेगडीला मात्र साफ नकार. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं म्हणजे मरण ओढवून घेणं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल, असल्या तडजोडी नकोत. शेकोटी अंगणात, शेगडी ओसरीवर.

आपण धडधाकट असलो तरी एक पथ्य पाळा. रोज रात्री मांडीवर किंवा पोटावर एकाच जागी शेक घेत राहिलं की कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. काश्मिरात फिरनच्या, म्हणजे ढगळ अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची छोटी शेगडी, कांगडी, घेऊन वावरणाऱ्यांना हे डाग येतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर तिथे कातडीचा कर्करोगही होतो. डॉक्टरी पुस्तकांत त्याला कांगडीचंच नाव आहे. पिशवी निखाऱ्याएवढी गरम नसते हे खरं, पण जागा बदलत राहायला काय जातं?

शेवटी आमचे हे. त्यांचा प्रश्नच निराळा. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, आणि रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायला मध्यरात्री उठून विहिरीवर जावं लागतं. तिथे पिशवी घेऊन कोण जाणार? माझी भाची इंग्लंडात लीड्सला असते, तिने हात गरम ठेवायची पाकिटं आणली होती. चहाच्या पुडीएवढं कापडी पाकीट. आत लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची भुकटी वगैरे. वरचं प्लॅस्टिक फाडून हवा लागली की लोखंड गंजायला लागतं आणि त्या गंजण्यातून उष्णता निघते. पाच-सहा तास सहज. हे म्हणाले, “मोटारीचा पाइप गंजतो तेव्हा मात्र काही गरम होत नाही.” मग सुनेने समजावलं की पाइपही तीच उष्णता देतो, पण गंजायला वर्षं लावतो. खिशात, हातमोज्यात उत्तम चालतं. गमबुटात घातलं तर थंड पडतं, कारण आत हवा पोचत नाही. एकदा वापरलं की कचरा, आणि आपल्याकडे महाग. रोजच्या पाळीला परवडणारं नाही. पण बागेला पाणी भरायचं आहे आणि पारा पाच-सहावर आलाय, अशा रात्रीसाठी दोन-चार पाकिटं घरात असावीत.

भाचीनेच एक उपयोगी गोष्ट दाखवली. तिकडच्या रबरी पिशव्यांवर मानेजवळ फुलासारखा शिक्का असतो. मधल्या गोलात उत्पादनाचं वर्ष आणि पाकळ्यांवर महिने. दोन-तीन वर्षं झाली की पिशवी बदलतात, फुटायची वाट बघत नाहीत. आपल्याकडच्या सगळ्या पिशव्यांवर असा शिक्का मिळेलच असं नाही, म्हणून मी घेतलेल्या दिवसाची तारीख कव्हरच्या आत शाईने लिहून ठेवते.

दुकानात गेल्यावर खोक्यावर भाळू नका. पिशवी बाहेर काढायला लावा. मान दोन बोटांनी वाकवून बघा, तिथे बारीक रेघा दिसल्या तर ती गोदामात पडून जुनी झालेली आहे. झाकण उघडून चकती जागेवर आहे ना ते बघा. दोन्ही बाजू आतून चिकटलेल्या नकोत. सुटी चकती मागितली तर मेडिकलवाला तुमच्या तोंडाकडे बघत राहील, ती कुठेच मिळत नाही. मी नळाच्या वॉशरवाल्याकडून मापाचा वॉशर घालून पाहिला, गळला. त्यामुळे चकती गेली की पिशवी गेली असं समजून चाला. उन्हाळ्यात ठेवताना पाणी पूर्ण काढा, झाकण उघडं ठेवून उलटी टांगा, सुकली की आत थोडी फुंकर मारून झाकण लावा आणि उन्हापासून लांब, कपाटात ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली टाकलीत तर मे महिन्यातच तिचा निकाल लागेल.